शेजारची फरशी

दौंडहून शिरूरला जाणाऱ्या एस.टी.त न्हावऱ्याच्या पुढे मला नेहमी झोप लागायची. त्या दिवशी लागली नाही. मांडीवर पर्स घट्ट धरून मी तोंडातल्या तोंडात शब्द म्हणत होते. नगरपालिका. शीतकरण केंद्र. पाहुणे मंडळी. शेजारच्या बाईंना वाटलं, मी जप करतेय. त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

मामाचा फोन आठवडाभर आधी आला होता. कवठ्याच्या दूध सोसायटीला डेन्मार्कचे पाहुणे येणार होते. तिकडच्या कुठल्याशा नगरपालिकेच्या ओळखीतून आमच्या भागातल्या एका दूध केंद्राला बल्क कूलर, म्हणजे दूध गार ठेवायची मोठी टाकी, मिळणार होती. पाहुणे जागा बघणार, माणसांना भेटणार आणि मग ठरवणार. त्यांच्याशी बोलायला कोणीतरी हवं होतं.

"आपल्यात तुझ्याबिगर हाय कोण विंग्रजीवालं?" मामा म्हणाला. "एवढी फी भरून शिकवलंय तुझ्या बापानं. कवा कामाला येणार?"

मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले. वडील रेल्वेत, शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलनीत खेळताना हिंदी, घरात आईची मराठी. एवढ्या भाषा येत असल्यामुळे मी फार बोलत असेन असं लोकांना वाटायचं. उलट होतं. कुठल्या घरात कुठली भाषा काढायची हे ठरेपर्यंत बोलायची वेळ निघून जायची. कवठ्याला, आईच्या माहेरी, माझ्या मराठीला पोरं हसायची. मी 'कुठे' म्हटलं की एकजण तरी 'कुठेऽऽ' असं लांबवून दाखवायचा. म्हणून मी तिथे ऐकायचंच काम करायचे. लोकांचे हात बघायचे, पाय बघायचे. तोंडाकडे बघितलं की उत्तर द्यावं लागतं.

पण त्या दिवशी मला झोप लागली नाही ती केवळ बोलायच्या भीतीने नव्हे. मामाने फोन ठेवण्याआधी आणखी एक सांगितलं होतं.

"आबा काय बी बोलले तर तू मधी हाईस. गोड करून सांग. आन् तिकडची काय बोलली तरी आबांना गोड करून सांग. आज्जीचा विषय निघू द्यायचा न्हाई."

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. आजीला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आमच्यातली जुनी माणसं दहन करत नसत, पुरत. मेंढरं घेऊन फिरायचे दिवस होते तेव्हा माणूस जिथे गेला तिथेच त्याला ठेवून पुढे जावं लागायचं. आबांचे आईवडील कुठे आहेत ते आबांनाच नीट सांगता येत नसे. भीमेच्या पलीकडे, एका ओढ्याच्या काठाला, एवढंच. ओढ्याने पात्र बदललं आणि ती खूणही गेली. म्हणून जमीन झाली, घर झालं, तेव्हा आबांनी ठरवलं की आता इथून पुढे कोणाला हरवायचं नाही. आजीला त्यांनी मळ्याच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात पुरलं, वर दगडी चौथरा बांधला आणि त्यात एक काळा दगड बसवला. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी ठेवली. ती कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. तिथे ते काही पेरू देत नसत. गवत आलं तर स्वतः उपटत.

आणि मामाने केंद्रासाठी जी जागा देऊ केली होती ती नेमकी हीच. रस्त्याला लागून, विजेचा खांब जवळ, टँकर वळायला ऐसपैस. बदल्यात केंद्र चालवायचं काम मामाला मिळणार होतं. तोवर तो दुसऱ्याच्या पिकअपवर दुधाचे कॅन वाहत होता, रोज पहाटे, आणि त्याची पाठ गेली होती. घरी आला की आधी जमिनीवर आडवा पडायचा, मग चहा मागायचा. हे मी पाहिलेलं होतं. म्हणूनच मला त्याला नाही म्हणता आलं नाही.

आजीला "रीतीनं" दुसऱ्या कोपऱ्यात नेऊ, असं मामाने आबांना सांगितलं होतं. आबा हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. मामाने ते हो धरलं होतं.

शिरूरला उतरून वडापच्या जीपने कवठ्याला पोचले तेव्हा अंगण झाडून, शेणाने सारवून तयार होतं. घरातल्या आणि शेजारच्या मिळून सगळ्या खुर्च्या बाहेर मांडल्या होत्या. सोसायटीचे अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मोठे बागायतदार, पांढरे कपडे, खिशाला पेन. बोलायचे हळू, पण ऐकणारा पुढे वाकायचा.

"ह्या का तुमच्या मॅडम?" त्यांनी मामाला विचारलं. मग मला म्हणाले, "जरा दणक्यात बोला बरं का. आमच्या लोकांना ऐकू कमी येतं."

लोक हसले. मी मान हलवली.

पाहुणे आले ते दोन गाड्यांतून. पुरुष मंडळी आप्पांबरोबर जुन्या संकलन केंद्राकडे गेली. त्यांच्यासोबत पुण्याहून आलेला एक माणूस होता, त्याला टाक्या आणि वीज यातलं सगळं इंग्रजीतून सांगता येत होतं. माझ्या वाट्याला एक म्हाताऱ्या बाई आल्या. उंच, पांढरे आखूड केस, उन्हाने लाल झालेलं नाक. निवृत्त शिक्षिका होत्या, नगरपालिकेच्या मैत्री समितीत होत्या, आणि उरलेला वेळ त्यांच्या गावच्या जुन्या चर्चमध्ये येणाऱ्यांना माहिती सांगायचं काम करत. मला हायसं वाटलं. एका बाईशी बोलायचं होतं, फक्त.

मामीने चहा आणला. बाईंनी बशीत ओतून पिण्याचा प्रयत्न केला आणि साडीएवढ्या लांब झग्यावर अर्धा सांडला. त्यामुळे बायकांचा संकोच गेला. आबा खुर्चीत बसायला तयार नव्हते. ते उंबऱ्यापाशी घोंगडीवर बसून बाईंच्या बुटांकडे बघत होते. बूट बघायची सवय मला कोणाकडून आली ते तेव्हा लक्षात आलं.

बाईंनी पिशवीतून फोटोंचा एक अल्बम काढला. गावाचं नाव रिंगस्टेड. मी ते आबांना सांगितलं, त्यांनी ते म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. पहिला फोटो नगरपालिकेच्या इमारतीचा, दुसरा चौकाचा, मग शेतं. हिरवी, सपाट, एकही माणूस नसलेली.

"राखणीला कोण न्हाई?" आबा म्हणाले.

मग चर्च आलं. लाल विटांचं, जाड भिंतींचं, मधोमध बसका मनोरा. मला वाटलं होतं चर्च म्हणजे आमच्या दौंडच्या चर्चसारखं काहीतरी असेल. हे किल्ल्यासारखं होतं.

"वीटभट्टी चांगली हुती त्यांची," आबा म्हणाले. "कवाचं?"

मी विचारलं. आठशे वर्षांपूर्वीचं. मामी "आई गं" म्हणाली. पुढच्या फोटोत आतली फरशी होती. मोठमोठे लांबट दगड, एकाला एक लागून. बाई बोलू लागल्या, आणि त्या काय सांगणार हे मला पहिल्या वाक्यातच कळलं. त्यांच्या देशाचे जुने राजे या दगडांखाली आहेत. राजे, राण्या, त्यांची मुलं. त्या काळी राजघराण्यातलं कोणी गेलं की इथे आणत. एक मोठा राजा आहे, त्याच्या एका बाजूला त्याची पहिली राणी आणि दुसऱ्या बाजूला दुसरी.

मी मामाकडे बघितलं. तो अंगणाच्या कडेला उभा राहून बोटाने मिशी चेपत होता. 'गोड करून' असं त्याचं तोंड म्हणत होतं. राजे पुरले आहेत, यात गोड काय करणार? कबर म्हणावं, समाधी म्हणावं की थडगं म्हणावं, एवढ्यातच माझा जीव गेला. शेवटी म्हणाले, "या दगडांखाली राजे आहेत, आबा. पुरलेले."

आबा पुढे सरकले. अल्बम हातात घेतला. फोटोत दगडांवर एक लहान मुलगी उभी होती, लाल बुटांत.

"ही कशावर हुबी हाय?"

"राजाच्या दगडावर."

"पाय देऊन?"

मी बाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, हो, सगळेच चालतात, दुसरा रस्ताच नाही. त्या स्वतः रोज चालतात. राजांनाही ते ठाऊक होतं. लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असावं, म्हणजे विसरणार नाहीत, असं त्यांना वाटत असेल.

"बया," मामी म्हणाली, "आमच्यात झोपलेल्या पोराला पाय लागला तरी पाया पडतो. आन् ह्यांच्यात राजाच्या छाताडावर बूट!"

"तुला काय करायचंय," मामा म्हणाला. "पोरी, त्यांना म्हणावं, चला, जागा दावतो. ऊन व्हायच्या आत."

मळा घरापासून लांब नव्हता. मामा पुढे, बाई आणि मी मध्ये, मामी मागे. आबा काठी टेकत सगळ्यांच्या मागे येत होते. कोणी त्यांना या म्हटलं नव्हतं. मी एकदा मागे वळून बघितलं, मग नाही बघितलं.

जागेवर चुन्याने रेघा मारलेल्या होत्या. मामाने हात पसरून दाखवलं, इथं खोली, इथं टाकी, इथं व्हरांडा, इथं टँकर वळणार. मी ते इंग्रजीत सांगत होते आणि डोळे त्या चौथऱ्यावर जाऊ नयेत म्हणून धडपडत होते. रेघ त्याच्या पोटातूनच गेली होती. चुना त्या काळ्या दगडावर सांडला होता. कोणीतरी नंतर तो पुसलेला दिसत होता, कारण दगडाची एकच बाजू ओली होती.

आणि मग बाईंना ऊन लागलं. त्यांनी रुमालाने मान पुसली, इकडेतिकडे बघितलं, आणि सहज, जसं कोणी बसेल तसं, चौथऱ्यावर बसल्या.

मामीच्या तोंडून आवाज निघाला. मामा "अहो, अहो" म्हणत पुढे झाला. बाईंनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. माझ्या मनात आलं, 'काही नाही, दगड गरम आहे' असं म्हणावं. पण त्या एवढ्या घाबरून विचारत होत्या की मी सांगून टाकलं. ही माझी आजी आहे.

त्या ताडकन उठल्या. गालांचा लालपणा कानांपर्यंत गेला. त्यांनी चौथऱ्याला हात लावला, कोणाचं तरी बघून माहीत असल्यासारखा तो हात छातीला लावला, आणि किती वेळा माफी मागितली ते मला सांगता येणार नाही.

"बसू दे त्यांना," मागून आबा म्हणाले. "मी रोज बसतो. तिला एकटीला करमत न्हाई."

हे मी बाईंना सांगितलं. पण त्या पुन्हा बसल्या नाहीत. त्या चुन्याच्या रेघेकडे बघत होत्या. मग त्यांनी मला हळूच विचारलं, टँकर इथूनच वळणार ना? मग हिचं काय करणार?

मामाला इंग्रजी येत नव्हतं, पण बाईंचं बोट रेघेवरून चौथऱ्याकडे गेलं ते त्याने बघितलं.

"सांग," तो म्हणाला. "तिकडच्या कोपऱ्यात नेणार हाय. भटाला इचारून, समदं रीतीनं. चौथरा ह्याच्यापरीस चांगला बांधणार."

मी सांगितलं. त्यांच्या गळ्यात एका बारीक साखळीत छोटा क्रूस होता, त्याच्याशी त्यांची बोटं खेळू लागली. मग त्या बोलल्या, पण माझ्याशीच, आवाज खाली आणून. आणि शेवटी म्हणाल्या, हे त्यांना सांगू नकोस, मी बाहेरची आहे, मला यात बोलायचा अधिकार नाही.

"काय म्हणली?" आबांनी विचारलं.

"काही नाही, आबा. सहज."

"एवढं लांबलचक सहज?"

मामाची नजर माझ्या गालाला टोचत होती. बाईंनी सुटका करून दिली होती, मामाने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे दोन्हीकडून मला गप्प राहायची परवानगी होती, आणि गप्प राहणं ही मला येणारी एकमेव गोष्ट. पण आबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला कधीच 'मॅडम' म्हटलं नव्हतं. मी 'कुठे' म्हटलं की तेही 'कुठे' म्हणायचे, मला बरं वाटावं म्हणून.

"त्या पहिल्या राणीबद्दल सांगत होत्या," मी म्हणाले.

"काय?"

"लोकांची फार लाडकी होती ती. तरुणपणीच गेली. अजूनही त्यांच्याकडे तिची गाणी म्हणतात."

इथे थांबता आलं असतं. मामाने मान हलवली सुद्धा, की पुरे, आता घरी चला. आबा म्हणाले, "आन् ती बी तिथंच हाय, राजाशेजारी?"

खोटं बोलायला मला वेळ लागतो. शब्द आधी जुळवावे लागतात. तेवढा वेळ नव्हता.

"जागा आहे, आबा. ती नाही. मागे कधीतरी कोणाला तरी तिथे पुरायचं होतं, म्हणून तिची जागा उघडली म्हणतात. हाडं इकडची तिकडे झाली. नंतर लोकांनी नीट बघितलं तेव्हा तिथे तिचं काही उरलं नव्हतं. फक्त एक क्रूस मिळाला, तो राजधानीत ठेवलाय. तसाच बनवलेला यांच्या गळ्यात आहे."

आबा बाईंच्या गळ्याकडे बघत राहिले.

"आन् दुसरी?"

मी बाईंना विचारलं. त्यांनी नाइलाजाने सांगितलं. दुसरी आहे. पण पुढे एका राजाने सगळ्या कबरी उघडून बघितल्या होत्या. परत बंद केल्या, पण दुसऱ्या राणीची वेणी बाहेरच राहिली. ती चर्चमध्ये काचेच्या पेटीत आहे. त्या स्वतः ती लोकांना दाखवतात.

"वेणी?" मामी म्हणाली, आणि तिचा हात स्वतःच्या अंबाड्यावर गेला.

तेवढ्यात आप्पा आणि बाकीची मंडळी आली. आप्पांनी एका नजरेत ओळखलं की इथे काहीतरी बिनसलंय.

"काय झालं? पाहुण्यांना जागा पसंत न्हाई?"

"पसंत हाय, पसंत हाय," मामा म्हणाला. "आबा जरा..."

"मी काय?" आबा म्हणाले. "मी तर काय बोललोच न्हाई अजून."

"मग बोला," आप्पा म्हणाले. "आबा, तुमी मोठी माणसं. मी जबरदस्ती करणार न्हाई. पण मंडळी उद्या चालली. हितं न्हाई जमलं तर वरच्या वस्तीवर जागा हाय, त्यांची ना न्हाई. कवठ्यात जागेला काय तोटा न्हाई. एक काय ते सांगा."

मामाचा चेहरा मी बघितला. वरच्या वस्तीवर केंद्र गेलं की कामही तिकडच्या माणसाला जाणार. मला वाटलं, मी बोलले नसते तर आबा मुकाट्याने गेले असते. आता आबा नाही म्हणणार आणि मामा जन्मभर पिकअपच्या मागे कॅन चढवणार.

आबा चौथऱ्यावर बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली.

"डेरी हितंच करा," ते म्हणाले.

मामाने श्वास सोडला.

"पर तिला हलवायची न्हाई. हाय तिथं राहू द्या. वरनं फरशी घाला."

क्षणभर कोणाला कळलंच नाही.

"वरनं म्हंजी?" मामा म्हणाला.

"वरनं म्हंजी वरनं. टँकर तिकडनं वळवा, आन् व्हरांडा हितं आणा. हा दगड फरशीत बसवा. सकाळ-संध्याकाळ समदं गाव दूध घेऊन येईल. माणसात राहील ती."

"आबा, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? लोक चपला घालून येणार, शेणाचे पाय! माझ्या आईवर?"

"आत्याबाईंच्या अंगावर पाय देऊन मी दूध घालू?" मामी म्हणाली. "मला नरकात बी जागा मिळायची न्हाई."

"अरं, आत्ताच ऐकलं न्हवं?" आबांचा आवाज चढला. मी तो चढलेला त्याआधी कधी ऐकला नव्हता. "जे पायाखाली राहिले ते राहिले. आठशे वरसं. जिला उघडली ती गेली. राणी असून गेली. माझी आई गेली, बाप गेला, मी जागा दावू शकत न्हाई कुणाला. हिला एकदा खोदलीस की उद्या तिकडं रस्ता येईल, परवा पाइप येईल. किती डाव उचलशील तिला? पाय लागंनात का. पायानं कोण हरवत न्हाई."

आप्पांनी खिशातलं पेन काढलं आणि पुन्हा ठेवलं.

"रेघा सरकवता येतील," पुण्याचा माणूस म्हणाला. "व्हरांडा या बाजूला घेऊ. टाकीला काही फरक पडत नाही."

बाई माझा दंड धरून विचारत होत्या, काय झालं, काय ठरलं? मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि त्याऐवजी आबांना विचारलं. त्या दिवसातलं माझं स्वतःचं वाक्य तेवढंच.

"आबा, मग तुमची जागा?"

आबांनी शेजारच्या त्या मोकळ्या तुकड्याकडे बघितलं. तिथे एक गवताची काडी आली होती. ती त्यांनी वाकून उपटली.

"माझं बघतील ही," ते म्हणाले. "दुधाच्या दारात काय मढं पुरू देणारेत व्हय कोण?"

आप्पा हसले, बाकीचे हसले. आबाही हसले. मी बाईंना ते वाक्य सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

वडापपर्यंत सोडायला मामा आला. गाडी भरेपर्यंत तो लांबच उभा राहिला. मग खिडकीशी येऊन म्हणाला, "एवढं समदं सांगायची काय गरज हुती गं? काम तर झालं, पर आईला पायाखाली घालून झालं. आन् बापाची जागा बी गेली." मी खाली बघितलं. त्याच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. शिरूरपर्यंत मला त्या भेगाच दिसत होत्या.

त्यानंतर मामाचे फोन आईला यायचे, मला नाही. आई सांगायची, पाया खणला, भिंती झाल्या, टाकी आली. मी विचारायचे, "आणि व्हरांडा?" आई म्हणायची, "होईल." दुपारी कॉलनीत फोनची घंटा कोणाच्याही घरी वाजली तरी मला वाटायचं, आबांचं काही झालं, आणि त्यांना कुठे न्यायचं यावरून तिकडे भांडण चालू आहे. आबा खणखणीत होते. मला मात्र ते रोज त्या मोकळ्या तुकड्यावर उभे दिसायचे, आणि पायाखालचं सिमेंट ओलं असायचं.

केंद्र सुरू झाल्यावर आई आणि मी कवठ्याला गेलो. संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. व्हरांड्यात शहाबादी फरशी होती, आणि त्यात तो काळा दगड सपाट बसवलेला. रांग होती, किटल्या होत्या, मामा आत काट्यापाशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ सरळ. आबांनी सांगितलं होतं तसं कोणीच करत नव्हतं. दगडापाशी आलं की प्रत्येकजण पाय आखडून बाजूने जायचा. बायका एका हाताने किटली सांभाळून दुसरा हात दगडाला लावून कपाळाला लावायच्या. रांगच तिथे वाकडी झाली होती. मामीने दगडावर एक फूल ठेवलं होतं आणि कोणाच्या तरी किटलीतलं दूध त्यावर सांडलं होतं.

"बघ," आबा मला म्हणाले, "पाय द्या म्हणलं तर देत न्हाईत." तेवढे ते एकटे अनवाणी त्या दगडावर उभे होते.

गर्दी सरल्यावर मामा बाहेर आला. माझ्याशी बोलायचं की नाही हे त्याचं ठरलेलं दिसत नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं, मग काळ्या दगडाच्या शेजारच्या फरशीवर टाच ठोकली. आवाज वेगळा आला. पोकळ नव्हे, पण बाकीच्या फरशीसारखा भरीवही नाही.

"ह्याच्याखाली सिमेंट न्हाई," तो हळू म्हणाला. "नुस्ती वाळू हाय. गवंड्याला जेवायला धाडलं आन् मी हातानं बसवली. चार माणसं लावली की उचलंल."

"आप्पांना माहीत आहे?"

"न्हाई."

"आबांना?"

"येडी हाईस का."

माझ्या मनात लगेच पुढचं सगळं येऊन गेलं. आप्पांना कळेल. सोसायटीची माणसं म्हणतील, दुधाच्या जागेत हे चालणार नाही. सरकारी माणूस येईल. मामाचं काम जाईल. ऐन वेळी, रडारडीत, चार माणसं फरशीपाशी उभी राहतील आणि पाचवा म्हणेल, थांबा. मी मामाला यातलं काही बोलले नाही. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की यातलं सगळं त्याचंही मोजून झालंय.

तेवढ्यात आबा काठी टेकत आले. दगडावर टक, शेजारच्या फरशीवर टक. तिथे काठी थांबली. त्यांनी पुन्हा एकदा टेकवली, जरा जोरात. मामा शर्टाची बाही सारखी करू लागला.

आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मला विचारलं, "ती बाई काय म्हणली हुती गं? राजा कुठं हाय?"

"राणीच्या जागेशेजारी, आबा."

"आन् त्याच्यावरनं बी चालत्यात ना माणसं?"

"हो. लहान मुलंसुद्धा."

"मग बरं," ते म्हणाले, आणि त्या फरशीवरून सावकाश चालत आत गेले, दूध मोजलेलं बघायला.

आज हे लिहिताना आबा आहेत. रोज दोन्ही वेळा केंद्रावर जातात. आप्पाही आहेत, आणि त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. दौंडला अवेळी फोन वाजला की मी उचलण्याआधी क्षणभर थांबते, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी ती फरशी येते. त्या दिवशी ती उचलू देतील ना.